जुनी ऑटोमॅटिक अडली तर: गिअरबॉक्स उघडण्याआधी

धारवाडच्या माळमड्डी-सप्तापूरमध्ये आणि हुबळीच्या केशवापूर-देशपांडेनगरमध्ये हल्ली बऱ्याच घरांसमोर दहा-बारा वर्षांची ऑटोमॅटिक गाडी उभी दिसते. मुलगा-सून बेंगळुरूत किंवा पुण्यात नवी गाडी घेतात आणि जुनी आईबाबांकडे पाठवून देतात. क्लच दाबायचा नाही, गुडघ्यांना त्रास नाही, हा त्यामागचा विचार चांगलाच आहे. गाडी कधी होंडा सिटी, कधी आय-टेन, कधी सेलेरिओ. वर्षभर ती बिनतक्रार चालते. मग एके दिवशी लीव्हर 'डी'वर नेला की दणका देते, किंवा नृपतुंग बेट्टाच्या चढावर इंजिन नुसतंच ओरडतं आणि गाडी काही वेग घेत नाही. गॅरेजमध्ये नेली की दोन मिनिटांत निकाल लागतो: "गिअरबॉक्स गेला, साहेब." खर्चाचा आकडा लाखाच्या घरातला असतो आणि त्याच रात्री घरात गाडी विकण्याची बोलणी सुरू होतात.

इतकी घाई करू नका. मॅन्युअल गिअरबॉक्स डोळे मिटून उघडून परत बसवतील असे कारागीर गोकुळ रोडच्या परिसरात भरपूर आहेत. ऑटोमॅटिकचं काम मात्र वेगळं आहे आणि ते मनापासून शिकलेले हात कमी आहेत. ज्याला आतलं कळत नाही तो एकतर 'बदला' म्हणतो किंवा 'हात लावू नका' म्हणतो. प्रत्यक्षात यातल्या बऱ्याच तक्रारी गिअरबॉक्सच्या बाहेरच मिटतात. तेल, बॅटरी, ब्रेकचा एखादा स्विच, इंजिनचं माउंटिंग, एखादा सेन्सर अशी ही यादी स्वस्तापासून महागाकडे तपासत जायची असते. आपल्याकडे नेमकं उलट होतं.

सगळ्यात आधी आपली गाडी कोणत्या जातीची ऑटोमॅटिक आहे हे माहीत करून घ्या. टॉर्क कन्व्हर्टर हा जुना, तेलाच्या दाबावर चालणारा प्रकार. जुनी आय-टेन, कोरोला, एसएक्स-फोर या गाड्यांत तो आहे. सीव्हीटीमध्ये ठरावीक गिअर नसतात, पोलादी पट्टा दोन पुलींवर वरखाली सरकतो. डीएसजीसारख्या प्रकारात दोन क्लच असतात. आणि एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्स, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं; भारतात तो २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर आला. लीव्हरवर 'पी' नसेल तर गाडी बहुधा एएमटी आहे.

नावावर जाऊ नका. एकाच 'सिटी' नावाखाली २००८ पूर्वीच्या काही गाड्यांत सीव्हीटी होता, त्यानंतरच्या पिढीत पाच गिअरांचा टॉर्क कन्व्हर्टर आला आणि २०१४ च्या पिढीत पुन्हा सीव्हीटी. तिघांचं तेल वेगळं, दुखणी वेगळी. "सिटीचं ऑइल द्या" म्हणून दुकानातून डबा आणणं हे नव्या दुखण्याला आमंत्रण आहे.

आता फुकटात होणाऱ्या तपासण्या. सकाळी गाडी सुरू झाली, पण लीव्हर 'पी'मधून हलतच नाही, अशी तक्रार फार येते. इथे गिअरबॉक्सचा बहुतेक वेळा काहीही दोष नसतो. ब्रेक दाबल्याशिवाय लीव्हर सुटू नये म्हणून एक कुलूप असतं आणि ब्रेक दाबला आहे हे त्याला ब्रेक पेडलजवळच्या छोट्या स्विचकडून कळतं. कुणाला तरी मागे उभं करा आणि ब्रेक दाबा. मागचे लाल दिवे लागत नसतील तर फ्यूज किंवा तो स्विच गेला आहे. काम किरकोळ आहे. पण ब्रेकचे दिवे बंद असलेली गाडी रस्त्यावर काढणं धोक्याचं असल्याने ते त्याच दिवशी करा. तोवर गाडी हलवायचीच असेल तर लीव्हरजवळ एक छोटी झाकणी असते. हँडब्रेक ओढून, ब्रेकवर पाय ठेवून तिच्या आतली कळ दाबली की लीव्हर सुटतो. गाडीच्या पुस्तिकेत तिची जागा दाखवलेली असते.

'पी'मध्ये स्टार्टर फिरत नाही पण 'एन'मध्ये गाडी सुरू होते, हेही असंच बाहेरचं दुखणं. लीव्हर कुठे आहे हे कंप्युटरला सांगणारा स्विच झिजलेला असतो किंवा लीव्हरची केबल सरकलेली असते.

बॅटरीकडे कुणाचं लक्षच जात नाही. जुनी बॅटरी स्टार्टर कसाबसा फिरवते, पण व्होल्टेज खाली गेलं की गिअरबॉक्सचा कंप्युटर आणि त्याचे सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारे व्हॉल्व्ह, गोंधळतात, डॅशबोर्डवर भलतेच दिवे लागतात. रात्रभर उभ्या गाडीत साधारण १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना १४ च्या आसपास दिसायला हवेत. कोणताही ऑटो-इलेक्ट्रिशियन मिनिटभरात हे मोजून देतो. बॅटरीचे टर्मिनल आणि इंजिनकडून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टीही त्याच वेळी पाहून घ्या. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात ती गंजते.

'डी' किंवा 'आर' टाकताना दणका बसत असेल तर आधी आरपीएमचा काटा पाहा. इंजिन गरम झाल्यावरही तो हजाराच्या बराच वर राहत असेल तर दोष इंजिनाच्या आयडलिंगचा आहे, थ्रॉटल बॉडी साफ करून बघा. काटा जागेवर असेल तर माउंटिंग तपासा. बॉनेट उघडून, ब्रेक आणि हँडब्रेक दोन्ही घट्ट धरून 'डी' आणि 'आर' आळीपाळीने टाकायचं आणि दुसऱ्याने बाजूला उभं राहून बघायचं. गाडीच्या समोर कुणीही थांबू नये. इंजिन उचलल्यासारखं उसळलं तर रबर फाटलं आहे. माउंटिंग बदललं की गिअरबॉक्स 'दुरुस्त' झाल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत.

धारवाडकरांसाठी एक वेगळी गोष्ट. आपल्या गल्ल्या उताराच्या. उतारावर गाडी लावून थेट 'पी' टाकला आणि ब्रेक सोडला की सगळं वजन गिअरबॉक्समधल्या एका छोट्या खिट्टीवर येतं आणि सकाळी लीव्हर काढताना 'खट्' असा आवाज होतो. तो बिघाड नाही, सवय आहे. ब्रेकवर पाय ठेवून 'एन', मग हँडब्रेक, मग ब्रेक सोडून गाडीचं वजन हँडब्रेकवर येऊ द्यायचं आणि शेवटी 'पी'. एएमटीत 'पी' नसल्यामुळे इंजिन गिअरमध्येच बंद करून हँडब्रेक ओढायचा.

तेलाचा विषय मात्र सावकाश घ्यायला हवा. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत तेल म्हणजे नुसतं वंगण नव्हे. इंजिनची ताकद चाकांकडे तेच नेतं, आतले क्लच त्याच्याच दाबावर घट्ट बसतात आणि उष्णताही तेच बाहेर काढतं. ते कमी झालं किंवा जळलं की एकाच वेळी चार लक्षणं दिसतात आणि माणूस घाबरतो.

तपासणीसाठी आधी सपाट जागा शोधा. गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून तेल गरम होऊ द्या. इंजिन चालू ठेवून, ब्रेक दाबून लीव्हर 'पी'पासून शेवटपर्यंत प्रत्येक ठिकाणी दोन-तीन सेकंद थांबवत न्या आणि परत 'पी'वर आणा. टोयोटा, ह्युंदाईच्या जुन्या गाड्यांत इंजिन चालू असतानाच तेलाची कांडी (डिपस्टिक) काढून पुसायची, परत घालायची, काढायची आणि 'हॉट'च्या खुणांमध्ये पातळी आहे का ते बघायचं. होंडाच्या जुन्या गाड्यांत पद्धत निराळी: इंजिन बंद करायचं आणि साधारण मिनिट-दीड मिनिटाच्या आत पातळी बघायची. ही एक गोष्ट माहीत नसल्यामुळे कितीतरी होंडांत तेल जास्त भरलं जातं आणि जास्त तेल कमी तेलाइतकंच वाईट, कारण ते फेसाळतं. बऱ्याच गाड्यांत कांडीच नसते; तेलाचं तापमान स्कॅनरवर बघत, गाडी लिफ्टवर समतल धरून बाजूच्या बोल्टमधून पातळी ठरवावी लागते. ते घरचं काम नाही.

कांडीवरचा एक थेंब पांढऱ्या टिश्यू पेपरवर टाका आणि दहा मिनिटं तसाच राहू द्या. तांबूस, पारदर्शक डाग सारखा पसरला तर उत्तम. तपकिरी असेल तर तेलाचं वय झालंय. मध्यभागी काळा ठिपका राहिला, वास करपट आला तर आतल्या क्लचचं अस्तर जळतंय. बोटांत चोळून चमचमणारी कचकच लागली तर धातू झिजतोय. आणि स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं गुलाबी, दुधट दिसलं तर गाडी अजिबात सुरू करू नका: रेडिएटरमधला कूलर फुटून कूलंट तेलात मिसळलंय. पाणी साचलेल्या रस्त्यातून गाडी खोलवर नेली तरी ब्रीदरमधून पाणी आत जाऊ शकतं. जुलै-ऑगस्टमध्ये धारवाडच्या टोल नाक्यापाशी गुडघाभर पाणी दिसलं तर वळसा घेतलेला स्वस्त पडतो. रंगाबाबत सावधगिरी एवढीच की प्रत्येक कंपनीचं तेल लाल नसतं, टोयोटाच्या सीव्हीटीचं हिरवट असतं; तुलना नव्या तेलाशीच करा.

पातळी कमी असेल तर तेल गेलं कुठे हे शोधा. इंजिन ऑइल थोडं जळतं, हे जळत नाही. कमी झालं म्हणजे गळती आहेच. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवा आणि सकाळी डाग कुठे पडलाय ते बघा. कूलरच्या पाइपचे जोड, खालच्या पॅनचं गॅस्केट आणि चाकांकडे जाणाऱ्या अॅक्सलची सील ही नेहमीची ठिकाणं.

तेल कोणतं घालायचं हे पुस्तिका सांगते, दुकानदार नव्हे. जुन्या आय-टेनला एसपी-३, २००८ नंतरच्या टॉर्क कन्व्हर्टर होंडाला डीडब्ल्यू-१, २०१४ च्या सिटी सीव्हीटीला एचसीएफ-२. टोयोटाचं टी-४ आणि डब्ल्यूएस एकमेकांच्या जागी चालत नाहीत. सीव्हीटीत साधं ऑटोमॅटिकचं तेल (एटीएफ) घातलं तर पोलादी पट्टा घसरतो आणि तिथून गाडी परत येत नाही. "सगळ्याला चालणारं" तेल जुन्या गाडीसाठी विसरून जा.

आता वाद: जुन्या गाडीचं तेल बदलावं की नाही? "बदललं की गाडी घसरते" ही समजूत गॅरेजांत पक्की बसलेली आहे. तिच्यात अर्धं सत्य आहे. क्लचचं अस्तर आधीच संपलेलं असेल तर नवं तेल त्याला वाचवत नाही, आणि गिऱ्हाईक दोष तेलाला देतं. पण 'लाइफटाइम' तेलाच्या भरवशावर राहणं त्याहून वाईट. बीएमडब्ल्यूपासून अनेक गाड्यांना गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतःच ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा ८ वर्षांनी तेल बदलायला सांगते. आपला एप्रिल-मेचा उकाडा आणि बीआरटीएसच्या बाजूच्या लेनमधली सिग्नल-सिग्नल चाल लक्षात घेता माझं मत ४० ते ५० हजारांचं आहे. मशिनने दाबाखाली फ्लश करू नका. साध्या पद्धतीने तळाचा बोल्ट काढून जेवढं निघतं तेवढं बदला; निम्म्याहून जास्त जुनं तेल कन्व्हर्टरमध्ये अडकलेलं असतं, म्हणून काही शे किलोमीटर चालवून पुन्हा तेच करा. पॅन उघडत असेल तर फिल्टर बदला आणि आतल्या चुंबकावर काय चिकटलंय ते स्वतः बघा. राखाडी, मऊ लेप ही वर्षांची नेहमीची झीज. टोचणारे तुकडे दिसले तर तेलाने काम भागणार नाही.

तेल आणि बाहेरच्या गोष्टी ठीक असूनही तक्रार राहिली तर गाडी चालवून बघायची. त्यासाठी गब्बूर-नरेंद्र बायपास निवडू नका. एवढ्या ट्रकांच्या मध्ये काट्याकडे बघत गाडी चालवणं वेडेपणाचं आहे. नरेंद्र ओलांडून कित्तूरच्या दिशेचा रुंद महामार्ग पहाटे मोकळा असतो. शेजारी कुणाला तरी बसवा, काटा त्याला बघू दे.

लीव्हर 'डी'वर टाकल्यापासून गाडीने जोर धरेपर्यंत सेकंदभर लागणं स्वाभाविक आहे. थंड असताना दोन-तीन सेकंद लागत असतील आणि गरम झाल्यावर सुधारत असेल तर आतली सील कडक झाली आहेत किंवा तेल कमी आहे. आरपीएम चढतो पण वेग चढत नाही, ही घसरण; ती दिसल्यावर गाडी दामटू नका, प्रत्येक किलोमीटर आतलं अस्तर खातो. ५० ते ७० च्या वेगात, अॅक्सिलरेटर अगदी हलका असताना रस्ता खडबडीत असल्यासारखी थरथर जाणवते आणि जरा जास्त दाबलं की थांबते? तो टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉकचा त्रास. योग्य तेल बदलून तो बऱ्याचदा जातो, म्हणून थेट कन्व्हर्टर काढायला हो म्हणू नका. उलट, चढावर जास्त दाबल्यावरच गाडी हिसके देत असेल तर स्पार्क प्लग आणि इग्निशन कॉइल तपासा; ते दुखणं इंजिनचं आहे.

गाडी एकाच गिअरमध्ये अडकून सिग्नलवरून जड उठते आणि साठच्या पुढे गुरगुरते, तेव्हा कंप्युटरने स्वतःच बचावाचा पवित्रा घेतलेला असतो. होंडात 'डी'चा दिवा लुकलुकतो, टोयोटात 'ओ/डी ऑफ'चा. याला घाबरू नका, दोष कुठे आहे हे गाडी सांगू पाहते आहे. २०१३ नंतरच्या गाड्यांत ओबीडी-२ ही दोष नोंदवणारी यंत्रणा सक्तीची झाली, त्यामुळे साध्या स्कॅनरनेही कोड वाचता येतो. पी०७०० एवढाच कोड आला तर त्याचा अर्थ फक्त 'गिअरबॉक्सच्या कंप्युटरकडे विचारा' असा आहे, त्यावरून गिअरबॉक्स बदलणारा माणूस टाळा. पी०७१५, पी०७२० म्हणजे वेगाचे सेन्सर. ते बाहेरून बसवलेले असतात आणि स्वस्तात बदलतात. पी०७४० लॉकच्या सोलेनॉइडच्या सर्किटचा, पी०७५० गिअर बदलणाऱ्या सोलेनॉइडचा. पी०७३०, म्हणजे गिअरचं प्रमाण चुकतंय, हा कोड घसरणीसोबत आला तर मात्र विषय गंभीर आहे. कोड वाचण्याआधी बॅटरीची वायर काढू देऊ नका. आपल्याकडे मिस्त्री प्रेमाने तेच करतो, दिवा जातो, पुरावाही जातो आणि आठवड्याने दुखणं परत येतं.

एएमटीवाल्यांनी यातलं बरंच सोडून दिलं तरी चालेल. त्यांचं दुखणं मुख्यतः क्लचचं. चढावरच्या सिग्नलला अॅक्सिलरेटर हलका दाबून गाडी धरून ठेवणं म्हणजे क्लच जाळणं, ब्रेक वापरा. दार उघडल्यावर येणारा घूं आवाज पंपाचा असतो, तो ठीक आहे. पण पंप सतत चालत असेल तर गळती आहे किंवा दाब साठवणारा भाग कमजोर झालाय. क्लच बदलल्यावर स्कॅनरने नव्या क्लचची ओळख करून द्यावी लागते. ते न करणाऱ्या गॅरेजमधून गाडी हिसके देतच बाहेर पडते.

घाटातलं एक काम चुकवू नका. अंकोल्याकडे अरबैल घाटात किंवा गोव्याच्या वाटेवर अनमोडला उतरताना '२' किंवा 'एल'वर या, ब्रेक आणि तेल दोन्ही थंड राहतात. तिथे गाडी बंद पडलीच तर ढकलून सुरू होणार नाही. टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटीला ढकलस्टार्ट नसतो. पुढची चाकं जमिनीवर ठेवून दोराने ओढूही देऊ नका. इंजिन बंद असताना आतला पंप तेल फिरवत नाही आणि चाकं फिरली की सुका गिअरबॉक्स घासत जातो. फ्लॅटबेडची वाट बघा, मग यल्लापूरपासून येईपर्यंत तीन तास का लागेनात.

खरोखर उघडायची वेळ आली तर काम कुणाला द्यायचं? विचारायचे प्रश्न सोपे आहेत. स्कॅनर कोणता, कोडचा प्रिंट देणार का, तेलाचा सीलबंद डबा समोर फोडणार का, जुने भाग परत देणार का. उत्तरं तोंडी नकोत, जॉब कार्डवर हवीत. सुटे भाग बेंगळुरूच्या जे. सी. रोडवरून येतात, काही वेळा पुण्याहून; 'तीन दिवसांत' म्हटलं की दहा धरा. कटिंगच्या गाडीतला जुना गिअरबॉक्स बसवणं हा मार्ग वाईट नाही, फक्त गिअरबॉक्सचा कोड जुळला पाहिजे आणि चाचणीची हमी लेखी पाहिजे.

मोठा खर्च करण्याआधी आरसी बघा. १५ वर्षं पूर्ण झाल्यावर केए-२५ असो की केए-६३, नोंदणीचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठीच होतं. मोटारीला त्याची फी ५ हजार, आणि वीस वर्षं ओलांडली की आता १० हजार. चौदाव्या वर्षी लाखाचा ओव्हरहॉल करणं शहाणपणाचं नाही, दहाव्या वर्षी बॉडी आणि इंजिन निरोगी असेल तर आहे. आणि आज काही बिघडलेलं नसलं तरी एक काम करून टाका: शेवटचं तेल कधी, किती किलोमीटरला आणि कोणतं घातलं हे एका पट्टीवर लिहून ती बॉनेटच्या आत चिकटवा. माहीत नसेल तर या महिन्यात बदलून पहिली नोंद तुम्हीच करा.